ड्रोन घ्यायच्या आधीचा पावसाळा

लग्नाची ऑर्डर द्यायला येणारा माणूस पूर्वी आधी अल्बम चाळायचा, मग घासाघीस करायचा. आता तो खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "ड्रोन हाय ना?" जसं काही मी घनसावंगीत फोटो स्टुडिओ नाही, विमानतळ टाकलाय. मी कॅमेरा हातात धरला तेव्हा रोल धुवायला जालन्याला पाठवावा लागायचा. रोल गेला, कॅसेट गेली, सीडी आली न आली तोच गेली. या सगळ्यांशी मी कुरकुरत का होईना जमवून घेतलं, कारण ते सगळं माझ्या हातात राहायचं. हे नवं यंत्र हातातून सुटून वर जातं. माझी बोंब होती ती तिथं.

तोवर मी जालन्याच्या एका ड्रोनवाल्याला बोलावून काम भागवत होतो. तीस-बत्तीसचा, दोन लेकरांचा बाप, बोलायला मोजका आणि कामाला चोख. मला काका म्हणायचा. लग्नसराई संपता संपता तो म्हणाला, "काका, दिवाळीपस्तोर हाय मी हितं. मंग पुण्याला चाललो, तिकडं पक्कं काम लागलंय. तुमी सोताचा घेऊन टाका. शिकवायचं माझ्याकडं." आणि त्याच आठवड्यात मी शहाण्यानं जांब समर्थच्या एका पार्टीला "आहे ना, ड्रोन आहे" असं सांगून टाकलं होतं. तुळशीचं लग्न झालं की लगेचची तारीख. म्हणजे तोवर तो ड्रोन घ्यायचा, शिकायचा आणि जिवंत माणसांच्या डोक्यावर उडवायचा. नाही जमलं तर ऑर्डर जाणार, आणि आमच्या धंद्यात एक ऑर्डर गेली की बातमी वऱ्हाडाच्या आधी पोचते.

भीती एक असती तर सांगता आली असती. तारेत अडकेल. घार झडप घालेल. वरच्या वर बॅटरी संपेल. उसात पडेल, आणि आमच्याकडच्या उसात पडलेली वस्तू तोडणी होईपर्यंत देवालासुद्धा सापडत नाही. विहीणबाईंच्या डोक्यात पडेल. एका लग्नात तो ड्रोन पंगतीवरून जरा खाली आणला तर भातासकट पत्रावळ्या उडाल्या, अख्खी पंगत आमच्या नावानं ओरडत उठली. पण खरी धास्ती मला पात्यांची होती. एकदा ड्रोनवाल्यानं मशीन हातावर उतरवून घेतलं तेव्हा पातं बोटाला चाटून गेलं. त्यानं रुमाल गुंडाळला आणि पुढचा शॉट घेतला. मला मात्र दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, कारण मंडपात लहान लेकरं कुठून कुठं पळतात त्याचा काही नेम असतो का? आणि वर किंमत! दोन मोटारसायकली येतील एवढ्या पैशाची वस्तू, आणि हातात घेतली तर चुरमुऱ्याच्या पिशवीएवढी हलकी.

रोज दुपारी स्टुडिओत बसून मी मोबाईलवर पडलेल्या ड्रोनचे व्हिडिओ बघायचो. विहिरीत पडलेला, झाडात अडकलेला, समुद्रात बुडालेला. बायको एकदा चहा घेऊन आली आणि वैतागली.

"घ्या न्हाईतर नका घेऊ. पण असं दिवसभर कण्हत बसू नका. गिऱ्हाईक मला विचारून राह्यलेत, काय आजार हाय म्हणून."

तिला बोलायला काय जातंय, असं मी मनात म्हणालो. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती.

त्यात तो पावसाळा तसला. आपल्या भागात सगळीकडं एकच बोंब उठली होती की रात्री आभाळात लाल-हिरवे दिवे फिरतात, चोर ड्रोन सोडून घरं हेरतात आणि मग दरोडा पडतो. कुणी बघितलेला चोर नाही, पडलेला दरोडा नाही, पण गावंच्या गावं जागी. पोलीस सांगून थकले की अफवांवर विश्वास ठेवू नका. लोक पाळ्या लावून गस्त घालत होते, कुठं थाळी वाजली की सगळं गाव काठ्या घेऊन बाहेर. अशा दिवसांत ड्रोन शिकायला निघालेला माणूस जिल्ह्यात मी एकटाच असेन. माझा हिशेब साधा होता. लोक भितात ते रात्रीला. आपण दिवसाढवळ्या उडवू. दिवसा कोण भितंय?

घनसावंगीत शिकायचं नव्हतं. एक तर ऊस, आणि दुसरं म्हणजे ओळखीचे लोक. पन्नाशीला टेकलेला माणूस हात थरथरवत खेळणं उडवतोय हे गावानं बघितलं असतं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. म्हणून मी सासुरवाडी काढली. हसनाबादच्या अलीकडं, लहान गाव, शिवारात कपाशी आणि सोयाबीन, नजर लांबवर मोकळी. बायको त्या गावची लेक, म्हणून गावातला झाडून प्रत्येक माणूस मला दाजी म्हणतो. दाढी करणारा दाजी म्हणतो, किराणावाला दाजी म्हणतो, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा म्हातारासुद्धा पाव्हणं म्हणून उठून जागा देतो. गावच्या जावयाच्या अंगाला तिथं कुणी बोट लावणार नाही आणि त्याचा शब्द कुणी खाली पडू देणार नाही. एवढा मान मला माझ्या स्वतःच्या घरात नाही.

श्रावण सरत आला होता. ड्रोनवाला त्याचाच ड्रोन घेऊन मला जालन्यातून गाडीवर घेऊन गेला. मेहुणा भोकरदनला गेला होता, सासूबाई एकट्या घरी. जावई आला म्हटल्यावर त्यांनी दोघांनाही पुरणपोळीचं ताट वाढलं. ड्रोनवाल्याला आग्रह करून चौथी पोळी घातली. तो जेवून हात धूत असताना मला म्हणाला, "काका, गावात पोलीस पाटलाला सांगून येऊ का एकदा? लोकं बिथरलेले हायेत."

"काही नको," मी म्हणालो. "सांगितलं की सगळं गाव बघायला गोळा होईल. मला लोक नकोत."

त्यानं हात पुसले. त्याचं तोंड बघून मला कळलं होतं की त्याला हे पटलेलं नाही. पण काका म्हणतो ना, गप्प बसला.

चारच्या सुमाराला आम्ही शेतात गेलो. बांधाजवळच्या पडीक तुकड्यावर त्यानं मशीन ठेवलं, पाती उलगडली आणि रिमोट माझ्या हातात दिला. डावा अंगठा वर-खाली, उजवा पुढं-मागं. एवढंच. माझे अंगठे असे घामेजले की रिमोटवरून सटकत होते. त्यानं सांगितलं, "वर लोटा, हळू." मी लोटलं. मोहोळ उठावं तसा आवाज झाला आणि मी चक्क डोळे मिटून मान खाली घातली. डोळे उघडून बघतो तर मशीन डोक्याच्या वर, एका जागी उभं, हलत नाही, पडत नाही.

"बराबर. आता अजून वर."

मी अजून वर नेलं. मग रिमोटवरच्या मोबाईलमध्ये बघितलं आणि माझं मलाच खरं वाटेना. कपाशीच्या ओळी, विहिरीतलं पाणी, बांधावरची बाभूळ आणि खाली दोन ठिपके, एक मी आणि एक तो. तीस वर्षं फोटो काढतोय, पण स्वतःला असं वरून कधी बघितलं नव्हतं. खरं सांगतो, मी हसलो. आणि जरा जमलं की माणूस चेकाळतो, तसं मी तो ड्रोन पुढं ढकलला. गावाकडं. सासूबाईंचे पत्रे दिसले, देवळाचा कळस दिसला, अंगणात एक बाई मान वर करून उभी दिसली. तिनं हातातलं सूप टाकलं आणि घरात पळाली.

"काका, माघारी घ्या," ड्रोनवाला म्हणाला. "जल्दी घ्या."

मला माघारी कसं घ्यायचं तेच आठवेना. तेवढ्यात गावातून शिट्टी आली, मग दुसरी, मग थाळी वाजायला लागली. एक थाळी, चार थाळ्या. "घे, घे बाबा, धर हे!" म्हणून मी रिमोट त्याच्या हातात कोंबला आणि दोन पावलं मागं सरलो. त्यानं शांतपणे ड्रोन वळवला आणि आमच्याकडं आणला. आणि त्या ड्रोनच्या खालून, त्याचा माग काढत, पंचवीस-तीस माणसं बांधाबांधानं पळत आली.

काठ्या होत्या. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. डोळे तांबारलेले, आठ-आठ रात्री न झोपलेले. आज संपलो, एवढंच डोक्यात. आणि पुढं आलेला गडी मला बघून थबकला.

"आरं, दाजी? तुमी हितं कसे?" त्यानं माझा दंड धरला, पण जपून, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसा. "सरका बाजूला. लई बेकार माणसं फिरून राह्यलेत. ए, दाजी घाबरलेत, पाणी द्या रे!"

मला जवळच्या कडुलिंबाखाली बसवलं. कुणीतरी शेतातल्या माठातून तांब्या भरून आणून माझ्या हातात दिला. आणि तिकडं पाच-सहा जणांनी ड्रोनवाल्याची कॉलर धरली. रिमोट त्याच्या हातात, ड्रोन त्याच्या पायाशी.

"कुठला तू?"

"जालन्याचा. फोटोचं काम करतो."

"कुणासंगं आल्ता? कुणाला इचारून उडवून राह्यला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. तोंडातून माझं नाव काढलं नाही. मी सांगेन, अशी त्याची खात्री असावी. का नसावी? मी काही बांधून ठेवलेला नव्हतो. मला कुणी मारणार नव्हतं. "हा माझ्यासोबत आहे" एवढे तीन शब्द बोललो असतो तर त्या गावात कुणाचा हात उठला नसता, उलट चहा झाला असता. हे मला त्या वेळीही कळत होतं. मग का बोललो नाही? आजपर्यंत मी याची हजार कारणं शोधली. मला वाटलं, बोललो तर तेही डोळे माझ्याकडं वळतील. ती कुऱ्हाड वळेल. दाजी म्हणणारं तोंड फिरेल. सगळं खोटं, पण भीती असली की खऱ्याखोट्याचं काही सुचत नाही.

एकानं मला सरळ विचारलं, "दाजी, तुमी वळखता का ह्याला?"

माझ्या हातात तांब्या होता. मी तो तोंडाला लावला आणि पाणी प्यायलो. घटाघटा, अख्खा तांब्या.

त्यांनी त्याचा अर्थ काढायचा तो काढला. पहिली थप्पड बसली तिचा आवाज मला लिंबाखाली आला. दुसरी बसली. एकजण काठी उगारून ड्रोनकडं वळला तेव्हा ड्रोनवाला पहिल्यांदा ओरडला, "त्याला नका मारू, पोट हाय माझं त्याच्यावर!" मी रिकामा तांब्या धरून बसलेलो.

थाळ्यांचा आवाज ऐकून सासूबाई घरातून निघाल्या होत्या. डोक्यावरचा पदर पडलेला, अनवाणी, धापा टाकत त्या माणसांत घुसल्या.

"आरं मुडद्यांनो, सोडा त्याला! दुपारी माझ्या हातचं जेवलंय ते लेकरू! माझ्या जावयासंगं आलंय!"

सगळं थांबलं. मग एकेक तोंड लिंबाकडं वळलं. मला त्या कुऱ्हाडीची एवढी भीती वाटली नव्हती जेवढी त्या तोंडांची वाटली. कुणी रागावलेलं नव्हतं. बुचकळ्यात पडले होते बिचारे.

"हो," मी म्हणालो. "माझ्यासोबत आहे. ड्रोन मीच उडवत होतो."

आणि तुम्हाला सांगतो, त्यांनी माफी माझी मागितली! "दाजी, आधी सांगायचं ना. गैरसमज झाला, राग मानू नका." ड्रोनवाल्याचा शर्ट कुणीतरी झटकून दिला, बस. त्यानं बोअरच्या पाण्यानं तोंड धुतलं, ड्रोनची पाती एकेक करून मिटली आणि पिशवीत ठेवली. निघताना सासूबाई माझ्याजवळ आल्या. पंचवीस वर्षांत त्या माझ्याशी कधी मान वर करून बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "पाव्हणं, एक शबुद बोलायचा व्हता." आणि गेल्या.

जालन्यापर्यंत मी त्याच्या मागं गाडीवर बसून आलो. त्याचा डावा कान लाल झालेला सगळ्या रस्त्यानं माझ्या डोळ्यासमोर. स्टँडवर उतरलो. "सांभाळून जा काका," एवढं बोलला आणि गेला.

बायकोला मी पोचायच्या आधीच फोन आला होता. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "माझ्या माहेरात लोकं तुमाला दाजी म्हणतेत, ते माझ्यामुळं. मी गावची लेक म्हणून. त्याच्यात तुमची कमाई काय हाय?" मी ताटावरून उठलो नाही. उठून गेलो असतो तर तेवढा तरी राग दाखवला असता. मी जेवलो.

ड्रोन घ्यायचा की नाही हा प्रश्न त्या दिवसांत मागंच पडला. मशीन पडेल, बोट कापेल, ऊस गिळेल, त्या सगळ्या भित्या आता मला लेकरांच्या वाटायला लागल्या. नवी भीती वेगळी होती. उद्या मंडपात माझ्या ड्रोननं कुणाला लागलं आणि लोक धावून आले, तर मी रिमोट कुणाच्या हातात कोंबीन? मी तो कोंबतोच, हे मला आता माहीत झालं होतं.

महिनाभरानं मी जालन्याला गेलो, त्याच्या घरी. माफी मागायची, सरळ. त्याच्या बायकोनं दार उघडलं, तो आत कसल्याशा वायरी जोडत बसला होता. मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर हवापाण्यावर गेलो असतो, माझं मला माहीत आहे.

"त्या दिवशी मला बोलता आलं नाही असं नाही. मी बोललो नाही. तुला मारलं ते माझ्यामुळं. मला माफ कर."

त्याच्या हातातली वायर थांबली. पण आधी बोलली ती त्याची बायको.

"मारलं? कुणी मारलं?"

त्यानं घरी काही सांगितलेलंच नव्हतं. गाडीवरून घसरलो म्हणाला होता. लेकरं दारात येऊन उभी राहिली, मोठी पोरगी बापाच्या तोंडाकडं बघायला लागली. त्यानं खाली बघितलं. मार खाताना त्यानं मान खाली घातली नव्हती, ती आता घातली.

"झालं ना काका तुमचं मन हलकं?" तो म्हणाला. "निघा आता."

मी निघालो. स्टँडवर घनसावंगीची बस लागलेली होती, चढलोसुद्धा. खिडकीत बसलो आणि मग वाटलं, आता ड्रोन घेतला नाही तर या माणसानं मार खाल्ला कशासाठी? हा विचार बरोबर की चूक, मला आजही सांगता येणार नाही. मी बसमधून उतरलो, दुकानात गेलो आणि घेतला. बरोबर कुणी नव्हतं. दुकानदार काय काय समजावत होता, मला निम्मं ऐकू आलं नाही. घरी येताना डबा मांडीवर घट्ट धरून बसलो होतो, खड्डा आला की श्वास रोखायचो.

शिकलो सासुरवाडीतच. दुसरीकडं जायची लाज वाटली. नोंदणीचे कागद केले, पोलीस ठाण्यात कळवलं, पाटलाला कळवलं आणि भर सकाळी देवळासमोर उभा राहिलो. जमलेल्या लोकांना म्हणालो, "त्या दिवशी मी त्याला ओळखत होतो. ओळखून गप्प बसलो." लोक म्हणाले, "जाऊ द्या दाजी, झालं गेलं." त्यांना ते ऐकायचंच नव्हतं. मी मशीन वर सोडलं. सगळं गाव बघत होतं, अंगठे घामेजलेले होते आणि रिमोट माझ्याच हातात होता.

जांब समर्थचं लग्न पार पडलं. हार घालताना मी ड्रोन वरून गोल फिरवून शॉट घेतला, खाली लेकरं नाहीत हे चारदा बघून. पोट दुखेपर्यंत भ्यालो होतो. अजूनही प्रत्येक लग्नात भितो, कमी झालेलं नाही काही. त्या रात्री मी त्या शॉटचा एक तुकडा ड्रोनवाल्याच्या नंबरावर पाठवला. तो तेव्हा पुण्याला गेलेला होता. खाली दोन निळ्या खुणा आल्या.

त्यानंतर दर लग्नाचा एक तुकडा मी त्याला पाठवतो. तो बघतो. उत्तर देत नाही.